साठी-सत्तरीतले रॉकस्टार : कलावंत, की नुसती तिकीटविक्री?

मांडवी_रत्नागिरी
स्पष्टच लिहितो. वय झालेल्या बहुतेक रॉक बँडचे दौरे आता पैशासाठीच होतात आणि आपण चाहते ते चालवून घेतो. मी रत्नागिरीत मुलांना गिटार शिकवतो, त्यांना हीच गाणी शिकवतो, म्हणून जास्त जिव्हारी लागतं.

‘निरोपाचा दौरा’ हा प्रकारच बघा. ‘किस’ या बँडने २००० साली निरोपाचा दौरा काढला. २०१९ ला पुन्हा ‘शेवटचा’ सुरू केला, तो डिसेंबर २०२३ पर्यंत चालला, आणि त्याच शेवटच्या कार्यक्रमात सांगितलं की यापुढे आमची डिजिटल रूपं स्टेजवर येतील. ‘द हू’ या बँडने १९८२ मध्ये निरोप घेतला, २०२५ मध्ये परत घेतला. मॉटली क्रूने तर २०१४ मध्ये दौरे कायमचे थांबवण्याच्या करारावर सह्या केल्या, २०१५ च्या ३१ डिसेंबरला शेवटचा कार्यक्रम केला, आणि २०२२ मध्ये स्टेडियममध्ये हजर! ‘पुन्हा दिसणार नाहीत’ म्हणून माणूस पोटाला चिमटा काढून तिकीट घेतो. त्याची ही फसवणूक आहे.

तिकिटांचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या काही तिकिटांचा भाव मागणीप्रमाणे चढत पाच हजार डॉलरच्या आसपास गेला. आयुष्यभर कामगारांची गाणी गाणारा माणूस हा! आणि रोलिंग स्टोन्स? २००५ नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम थेट २०२३ मध्ये. मधे २०१६ चा एक आला, तो दुसऱ्यांच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा. दौरे मात्र चालूच.

पखवाज_कणकवली
दादा, तिकिटाचं पटतं. पण पैसे घेतले की कला संपली, हे मला मान्य नाही. मी डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पखवाज वाजवतो. आमच्याकडे बुवा सुपारी ठरवूनच येतात, त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही.

एका बारीचं सांगतो. समोर तरुण बुवा, आवाज खणखणीत. आमचे बुवा सत्तरीचे, गळा थकलेला. वरचा सूर आला की पेटीवरचा हात तसाच ठेवून मान कोरसकडे वळवायचे, पोरं तो सूर उचलायची, आणि पुढची ओळ बुवा खालच्या पट्टीत जवळजवळ बोलल्यासारखी म्हणायचे. मला तिथे ठेका अगदी हलका करावा लागायचा, नाहीतर शब्द बुडाला असता. मंडपात चुळबूळसुद्धा नव्हती. तरुण बुवांना ती ओळ तशी टाकता आली नसती. आवाज गेल्यावर काय उरतं ते ऐकायचं असेल तर म्हातारपणीच ऐकायला हवं.

वेंगुर्ल्याची
पखवाजदादांनी लिहिलं त्याचं रॉकमधलं, किंवा रॉकच्या शेजारचं, उदाहरण म्हणजे गायक-कवी लेनर्ड कोहेन. म्हातारपणासाठी साठवलेली पुंजी त्याच्या मॅनेजरने परस्पर संपवली. २००८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो पुन्हा दौऱ्यावर निघाला तो सरळ पैशांसाठी. वर्षानुवर्षं फिरला. आणि त्यातून काय आलं? २०१२, २०१४ आणि २०१६ असे तीन नवे अल्बम. शेवटचा ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबरात तो गेला. आवाज इतका खाली उतरलेला की छातीत ऐकू येतो. पैशाची गरज नसती तर तो स्टेजवर परतला असता का, मला शंका आहे. म्हणजे हेतू पैसा होता आणि काम अस्सल होतं. तुमचा प्रश्नच ‘हे की ते’ असा मांडलाय, तिथे गडबड आहे.

शिवाय पूर्वी रेकॉर्ड खपावी म्हणून दौरे काढत. आता स्ट्रीमिंगमधून बहुतेकांच्या हाती फार थोडं लागतं, त्यामुळे कमाई दौऱ्यावरच. त्यावर ध्वनी, प्रकाश, ट्रकवाले अशी शेकडो माणसं जगतात.

मालवणी_झील
माका येक सांगा. दशावतारात साठ वर्साचो राजा रात्रभर तलवार घेवन नाचता, सकाळी दहीकालो होता. तेव्हा कोण इचारता काय, ‘किती नाईट (रातीचे पैसे) घेतलंस’ म्हणान? चांगला केल्यान तर लोक बक्षीस देतत. वायट केल्यान तर पुढच्या वर्साक दुसरी कंपनी बोलवतत.

मांडवी_रत्नागिरी
झीलभाऊ, जत्रेतलं नाटक बघणाऱ्याला फुकट असतं. मंडळीला बिदागी गाव देतो, आणि पोरगं, आजी, खलाशी सगळे एकाच मैदानात बसतात. इथे उलटं आहे. मुंबईतल्या मोठ्या कार्यक्रमाला आमच्यासारख्याला गाडीभाडं आणि मुक्काम वेगळाच पडतो, त्यात तिकीट हे असं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला परवडणार?

कोहेनबद्दल ताईंशी वाद नाही, कारण त्याने नवं लिहिलं. माझी कसोटी तीच आहे. बॉब डिलनचंही मी ऐकून घेईन. ७९ व्या वर्षी, २०२० मध्ये, त्याने ‘रफ अँड रावडी वेज’ काढला आणि पुढची काही वर्षं मुख्यतः तीच गाणी घेऊन फिरला. जुनी गाणी ऐकायला आलेले लोक नाराज झाले तरी. ही हिंमत किती जणांत आहे?

वेंगुर्ल्याची
हिंमत श्रोत्यांमध्ये आहे का, तेही विचारा. नवं गाणं सुरू झालं की उठून खायला जाणारे आपणच. मग बँड जुनंच वाजवणार.

आणि नवं लिहिलं नाही म्हणून सगळंच खोटं ठरतं का? २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर साठीला टेकला होता. २०२४ चा अमेरिकेतला दौरा त्याने ८० व्या वर्षी केला. ऐंशीच्या शरीराकडून ते करून घेणं हीसुद्धा कला आहे. ‘ब्लॅक सबाथ’चा गायक ऑझी ऑस्बॉर्नचं बघा. पार्किन्सन्सने चालता येत नव्हतं, तरी ५ जुलै २०२५ ला आपल्या गावात, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर, सिंहासनावर बसून गायला. पैसे पार्किन्सन्सवरच्या कामासाठी आणि मुलांच्या रुग्णालयासाठी. २२ जुलैला गेला. मी तो कार्यक्रम मोबाइलवर बघितला आणि रडले.

मांडवी_रत्नागिरी
ऑझीबद्दल एक शब्द बोलणार नाही. तो खरा निरोप होता, आणि म्हणूनच खोट्या निरोपांची चीड येते.

तिकिटाचा मुद्दा मात्र सोडणार नाही. ‘द क्युअर’ या बँडच्या रॉबर्ट स्मिथने २०२३ च्या अमेरिकेतल्या दौऱ्यात मागणीप्रमाणे भाव चढवायला नकार दिला, काही तिकिटं २० डॉलरला ठेवली. तिकीट विकणाऱ्या कंपनीचं वरचं शुल्क तिकिटाहून जास्त लागतंय हे दिसल्यावर जाहीर भांडला आणि लोकांना थोडे पैसे परत मिळवून दिले. पुढच्याच वर्षी सोळा वर्षांनंतरचा नवा अल्बम. म्हणजे मनात असेल तर करता येतं. बाकीच्यांनी ‘कंपनी ठरवते, आमच्या हातात नाही’ हे सांगू नये.

पखवाज_कणकवली
परत मिळाले ते पाच-दहा डॉलर, दादा. शुल्क काही गेलं नाही. स्मिथएवढा मोठा माणूस भांडून एवढंच पदरात पडत असेल, तर लहान बँडवाल्याने कुणाशी भांडायचं?