खाऱ्या हवेत गाडी स्टार्ट होईना तेव्हा : तुमचे अनुभव

चार महिने खळ्यात उभी असलेली गाडी नेमकी गणपतीत रुसते. किनाऱ्यावरच्या जाणकारांनी सांगावं, आधी काय बघायचं?

मालवण
सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट-कट आणि डॅशबोर्डचे दिवे मंद? लगेच बॅटरी विकत आणू नका. आपल्याकडे बऱ्याचदा अर्थिंग गेलेलं असतं. इंजिनापासून बॉडीला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडते, बोल्टखाली गंज धरतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर दोष तिथेच. बोल्ट काढून बॉडीचा धातू चकाकेपर्यंत पॉलिशपेपरने घासा, पट्टी घट्ट आवळा, मग वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही.

देवगड
टर्मिनलवर पांढरा-निळसर चुरा असेल तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. पाणी बॅटरीच्या बुचांत जाता कामा नये. १० च्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवायची, लावताना ती शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी.
रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर मात्र दुकान गाठा.

गुहागर
सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पेटत नाही, गाडी डिझेलची: फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करा, काचेच्या बाटलीत धरा. पाणी खाली बसतं, डिझेल वर तरंगतं. निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडा, मग हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. टाकी अर्धी ठेवून पावसाळा काढला की आतल्या दमट हवेचं पाणी होतंच.
पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागून दोनेक सेकंद 'गूंऽ' ऐकू यायला हवं. आलं नाही तर पंपाचा फ्यूज बघा.

दापोली
फ्यूज ठीक असेल तर उंदीर! इंजेक्टरच्या वायरी कुरतडल्यात का, ते टॉर्च मारून तपासा.

चिपळूण
२०२१ च्या जुलैसारखा पूर गाडीत शिरला असेल तर सेल्फला हातच लावू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. निगेटिव्ह काढा, एअर फिल्टर चाचपा. तो भिजलेला असेल तर गाडी टोचन करूनच न्यायची. पुढे मेकॅनिक प्लग काढून पाणी बाहेर फेकेल.

रत्नागिरी
धक्का मारायचा तर मॅन्युअल गाडीलाच, सेकंड गिअरमध्ये, किल्ली ऑन ठेवून. दिवेच लागत नसतील तर सड्यावरून खालपर्यंत ढकललीत तरी व्यर्थ, कारण पंप आणि ईसीयूलाही (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरलाही) बॅटरी लागते. मग जंपर केबल: लाल प्लसला प्लस, काळी चालू गाडीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब.