मदत हवी आहे : दुसऱ्याच्या फोटोवर मत द्यायचं तरी कसं?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमचा बारा-चौदा जणांचा गट आहे. सगळे पक्षी-फुलपाखरांचे फोटो काढणारे हौशी. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कॉलेजात, एक ताई दातांच्या डॉक्टर. रविवारी पहाटे येऊरचं जंगल, कधी घोडबंदर रोडवरची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत केव्हातरी ऐरोलीहून खाडीत बोटीने. संध्याकाळी प्रत्येकाने तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असं ठरलेलं आहे. गटात सगळ्यांत जुना कॅमेरेवाला मी, म्हणून मी सविस्तर लिहावं अशी अपेक्षा असते. तिथेच माझ्या हातून चूक झाली आहे आणि ती कशी निस्तरावी ते कळत नाहीये.

मार्चमध्ये एक काका (वय ६८) पहिल्यांदाच बोटीवर आले. मुलाने वाढदिवसाला लांब पल्ल्याची लेन्स घेऊन दिली होती. फ्लेमिंगोंचा मोठा थवा मिळाला. संध्याकाळी त्यांनी एकच फोटो टाकला. मी लिहिलं ते जसंच्या तसं देतो :

"काका, फोकस चुकलाय. क्षितिज डावीकडे कललंय. पुढच्या पक्ष्याचे पाय कापले गेलेत. गुलाबी रंग फार वाढवलाय. खाली नुसता चिखल. डोळ्यांत चमक नाही. पुढच्या वेळी शटर स्पीड वाढवा."

काकांनी "धन्यवाद" लिहिलं. त्यानंतर आजतागायत त्यांचा एकही फोटो आलेला नाही. येऊरला येतात, दुर्बिणीतून बघतात, कॅमेरा आणत नाहीत. मागच्या आठवड्यात काकू बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "कॅमेरा कपाटात गेला. म्हणतात, आपल्याला काही जमायचं नाही." तेव्हापासून मला चैन नाही.

दुसरी अडचण याच आठवड्यातली. कॉलेजातल्या एका मुलीने शिंपी पक्ष्याच्या घरट्याचा फोटो टाकला. पिल्लांच्या उघड्या चोची, सुंदर प्रकाश. सगळ्यांनी वाहवा केली. मला मात्र कोपऱ्यात दिसलं की समोरची दोन पानं सुतळीने मागे ओढून बांधली आहेत. काकांच्या अनुभवानंतर माझा बोलायचा धीर होईना, आणि गप्प बसणंही पटत नाहीये.

कृपया अनुभवी लोकांनी सांगावं. काय लिहू, काय टाळू?

*

प्रतिसाद, ऐरोलीहून

घरट्याचं आधी. त्याला उद्यापर्यंतही थांबू नका. मुलीला आत्ता फोन करा, गटावर लिहू नका. शिंपी पानं शिवून घरटं करतो ते लपण्यासाठी. पानं बाजूला ओढली की घरटं कावळ्याला दिसतं आणि पिल्लांवर थेट ऊन-पाऊस येतो. तिने हे मुद्दाम केलं नसणार, तिला माहीतच नसणार. सुतळी लगेच सोडायला सांगा आणि पुन्हा जवळ जाऊ नकोस म्हणा. फोटो तिने स्वतःहून गटावरून हटवला तर बरं, नाहीतर पुढच्या रविवारी अजून दहा जण त्याच झाडाखाली उभे राहतील. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या अभयारण्यात तिबोटी खंड्या या पक्ष्यासाठी कशी गर्दी होते ते तुम्हाला माहीतच असेल.

पक्ष्याच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे भीड ठेवायची नाही. फक्त बोलायचं एकट्याशी.

*

प्रतिसाद, वाशीहून

मी थोडं वेगळं मांडतो. नुसतं गोड बोलणंही घातक आहे. मला तीन वर्षं फुलं आणि टाळ्याच मिळाल्या. मग सीवूड्सच्या पाणथळीवर भेटलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी माझे वीसेक फोटो मोबाइलवर शांतपणे पाहिले आणि एकच वाक्य बोलल्या : "तुम्ही सगळे पक्षी उभं राहून टिपता." त्या दिवसापासून मी शेकाट्या पक्ष्यांचे फोटो बांधावर पालथा पडून काढायला लागलो. मागची पार्श्वभूमी दूर गेली, पक्षी सुटा दिसायला लागला. त्या बोलल्या नसत्या तर मी अजून उभाच असतो.

तेव्हा चुका सांगाव्यातच. पण तुम्ही एका फोटोत सहा काढल्यात. त्याऐवजी माणसाच्या दहा फोटोंत पुन्हा पुन्हा दिसणारी एक शोधा. काकांचा तर तो पहिलाच फोटो होता. पहिल्या फोटोवरून कुणाची सवय कळत नाही.

*

प्रतिसाद, ठाणे पूर्वेहून

धागाकर्ते, राग मानू नका, पण "फोकस चुकलाय" हे तुम्ही कशावरून ठरवलंत? व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारीक पिसं जातात. धारदारपणाबद्दल बोलायचं असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. नाहीतर आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या चुकीचं खापर काकांवर फोडतो.

दुसरं, फोटो मऊ, म्हणजे धूसर, येण्याची मुख्य कारणं चार आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. फोकस चुकला असेल तर पक्ष्याच्या पुढचा किंवा मागचा चिखल तरी लख्ख दिसतो. हात हलला असेल तर सगळं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतं. पक्षी हलला असेल तर चिखल स्पष्ट, पंख किंवा मान तेवढी पुसट. आणि चौथं कारण खाडीवर नेहमीचं : तापलेल्या हवेची थरथर. कडा वितळल्यासारख्या दिसतात, लागोपाठच्या दोन फ्रेममध्येही सारख्या नसतात. बोट भरती पाहून सुटते, आपल्या सोयीने नाही. तुमची किती वाजता होती? मार्चमध्ये ऊन वर आल्यावर लांबचा थवा टिपला असेल तर महागड्या लेन्सनेही तेच झालं असतं. त्यावर शटर स्पीडचा इलाज नाही. सकाळची भरती आणि थोडं कमी अंतर, एवढाच उपाय.

बोटीबद्दल एक पुरवणी : लेन्स कठड्यावर टेकवली तर इंजिनाची कंपनं थेट कॅमेऱ्यात येतात. काका टेकवून काढत होते का, तेही विचारा.

*

धागाकर्ता

बोट साडेदहाची होती. माझे त्या दिवशीचे फोटो आत्ता उघडून पाहिले. लांबचे सगळे तसेच आहेत, वितळल्यासारखे. मी ते टाकलेच नव्हते, जवळून उडालेल्या दोन पक्ष्यांचे टाकले होते. म्हणजे काकांना मी जे कारण सांगितलं तेच चुकीचं होतं. हे वाचून फार वाईट वाटलं.

मुलीशी बोललो. आधी गप्प झाली, मग म्हणाली, "दादा, एका व्हिडिओत बघितलं होतं म्हणून केलं." दहा मिनिटांत सुतळी सोडून आली. फोटोही तिने स्वतःच गटावरून हटवला.

*

प्रतिसाद, खारघरहून

चांगलं केलंत. आता काकांकडे जा, पण मत द्यायला नको, विचारायला जा : "तुम्हाला यात काय दाखवायचं होतं?" मी हे ओवळेकर वाडीत शिकले. एका मुलाने नीलवंताचा फोटो दाखवला, उजवा पंख स्पष्ट, डावा धूसर. मी डेप्थ ऑफ फील्डवर (जवळचं-लांबचं किती स्पष्ट येतं त्यावर) भाषण सुरू करणार होते. आधी विचारलं तर म्हणाला, "आपलं राज्य फुलपाखरू आहे ना, पंखांची सगळी निळाई यायला हवी होती." मग सांगणं सोपं झालं : पंख ज्या पातळीत पसरलेत, कॅमेऱ्याची पाठ त्याच पातळीला समांतर धर. पुढच्या फेरीत त्याला जमलं. त्याला काय हवंय ते कळल्याशिवाय मी जे सांगितलं असतं ते बरोबर असूनही त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

*

धागाकर्ता

काल संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो. आधी माफी मागितली आणि फोकसचं कारण चुकीचं दिलं होतं हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "अरे, एवढं काय." काकूंनी चहा ठेवला. मग मूळ फोटो लॅपटॉपवर लावला आणि खारघरच्या ताईंनी सुचवलेला प्रश्न विचारला.

काकांनी थव्याच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं. तिथे चार राखाडी पक्षी होते. अजून रंग न चढलेली पोरं. शेवाळ खाऊन गुलाबी रंग हळूहळू येतो, तो यांना यायचा होता. काका म्हणाले, "सगळे या गुलाबी गर्दीकडे बघत होते. मला ही पोरं दिसली. ती वेगळी दिसावीत म्हणून मी बाकीच्यांचा रंग वाढवला."

मी मार्चमध्ये तो फोटो पाहिलाच नव्हता. सहा चुका मोजल्या होत्या.

मग दोघांनी मिळून कापून पाहिला. डावा एक तृतीयांश ठेवला, त्यात चार राखाडी आणि मागे पाच-सहा गुलाबी. कापतानाच कललेलं क्षितिज सरळ केलं, पाय कापलेला पक्षीही चौकटीबाहेर पडला. रंग मूळचाच परत आणला, कारण गर्दी गेल्यावर राखाडी तसंही उठून दिसायला लागलं. हे काकांनीच आधी ओळखलं. थरथर आहे ती आहे, ती जाणार नाही.

आता गटावर मी हे लिहायचं म्हणतोय, जरा बघाल का :

"काकांचा मार्चमधला फोटो पुन्हा पाहा. डावीकडचे चार राखाडी पक्षी आपल्यापैकी कुणीच टिपले नाहीत. मी तेव्हा फोकस चुकल्याचं लिहिलं होतं ते चूक होतं, ती उन्हाची थरथर आहे. पण पुढच्या हंगामात सकाळच्या भरतीची बोट घेऊ, म्हणजे हीच पोरं गुलाबी होताना नीट मिळतील."

*

प्रतिसाद, ठाणे पूर्वेहून

"पण" काढा. "पुढच्या हंगामात" पासून नवं वाक्य सुरू करा. आणि पुढच्या वर्षी हीच पोरं येतील असं कशाला लिहायचं? "अशी पोरं" लिहा. बाकी टाकून द्या आजच.

*

धागाकर्ता

दोन्ही बदल केले, टाकलं. काकांनी खाली लिहिलंय, "रविवारी येऊरला कॅमेरा आणतो. पावसात लेन्सला काय गुंडाळायचं?" यासाठी वेगळा धागा काढतो.