जाळे, कोळिष्टक की जळमट?

प्रश्न : घरातील कोळ्यांच्या ओळखीविषयी एक टिपण लिहीत आहे. जाळे, कोळिष्टक आणि जळमट हे तीन शब्द त्यात एकाच अर्थाने वापरले तर चालतील का?

उत्तर : बोलण्यात चालतात, परंतु ओळख पटवून देणाऱ्या लेखनात ते वेगळे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळे हा सर्वांत व्यापक शब्द असून कोळी भक्ष्य धरण्यासाठी जे विणतो, त्या कोणत्याही आकाराच्या रचनेला तो लावता येतो. जळमट मात्र ओस पडलेले, धूळ आणि काजळी धरून लोंबणारे जाळे. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत आपण जळमटे काढतो आणि मनावरची जळमटे म्हणतानाही साचलेपणाचीच छटा अभिप्रेत असते. विस्कळीत, निश्चित आकार नसलेल्या गुंतवळ्याला कोळिष्टक म्हणावे.

छताच्या कोपऱ्यात असे कोळिष्टक करणारा कोळी बहुधा फोल्सिडी कुळातला असतो. पाय केसासारखे बारीक आणि अंगाच्या मानाने फारच लांब. तो जाळ्यात उलटा लटकतो आणि बोटाने हलका धक्का दिला की संपूर्ण शरीर इतक्या वेगाने हलवतो की क्षणभर त्याची आकृती पुसट होते. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून ठेवते, आणि वरील लक्षणांच्या जोडीला ही खूण दिसली की कुळाची ओळख पक्की होण्यास मदत होते. जळमटांचा मोठा वाटा याच कोळ्यांच्या सोडून दिलेल्या धाग्यांचा असतो.

पुरवणी प्रश्न : आमच्या माळ्यावर चाकासारखे, पण आडवे जाळे आहे. त्यालाही कोळिष्टकच म्हणायचे का?

उत्तर : नाही, ते चक्राकार जाळे. घरात असे आडवे चक्र आढळल्यास युलोबोरिडी कुळ तपासावे. या कोळ्यांना विषग्रंथीच नसतात, त्यामुळे ते भक्ष्याला धाग्यांनी घट्ट गुंडाळून निकामी करतात. बागेत उभ्या चक्राच्या मध्यावर पांढरी नागमोडी नक्षी दिसली, तर तो आर्जिओपी वंशातला कोळी.

भिंतीवर रात्री धावणाऱ्या मोठ्या, चपट्या कोळ्याच्या बाबतीत मात्र यांपैकी एकही शब्द वापरू नये. तो जाळे विणत नाही, धावून शिकार करतो. मादीने पोटाखाली धरलेली पांढरी चकती ही तिच्या अंड्यांची पिशवी असते आणि टिपणात तिला तसेच म्हणावे.