डॉक्युमेंटेशनमधील कोडचे उदाहरण पूर्ण असावे की नेमके?

धागालेखक: डॉक्युमेंटेशनमधील, म्हणजे लायब्ररी (तयार कोडचा संच) कशी वापरायची हे सांगणाऱ्या पानांवरील, कोडचे उदाहरण जसेच्या तसे उतरवून घेतले की चाललेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. इम्पोर्टच्या (लायब्ररी कोडमध्ये आणणाऱ्या) ओळी गाळलेल्या, व्हेरिएबल कुठून आले याचा पत्ता नाही, फाइल सापडली नाही तर काय करायचे याचा उल्लेख नाही, असे उदाहरण ज्याला ती लायब्ररी आधीच येते त्यालाच कळते. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत कॉमेंटमधील उदाहरणे 'कार्गो टेस्ट' या चाचण्या चालवणाऱ्या आज्ञेबरोबर कंपाइल होऊन तपासली जातात. पायथन भाषेत डॉकटेस्ट, म्हणजे उदाहरणे चालवून त्यांचे आउटपुट तपासणारे साधन, २००१ पासून आहे. साधने असताना न चालणारी उदाहरणे छापणे अक्षम्य आहे.

प्रतिसाद १: असहमत. संदर्भाचे पान उघडणाऱ्याला बहुतेकदा फंक्शनला कोणते आर्ग्युमेंट (माहिती) कोणत्या क्रमाने द्यायचे एवढेच हवे असते, आणि वीस ओळींच्या तयारीत ती एक ओळ हरवते. शिवाय वेगळी सूचना दिली नाही तर डॉकटेस्टला आउटपुट अक्षरशः जुळलेले लागते; त्यामुळे वाचकाला उपयोगी पडेल ते दाखवण्याऐवजी चाचणीत टिकेल ते दाखवण्याकडे लेखकाचा कल होतो.

धागालेखक: आउटपुटचा मुद्दा मान्य. लांबीचा नाही, कारण रस्टच्या उदाहरणात हॅश चिन्हाने (#) सुरू होणारी ओळ कंपाइल होते, पण पानावर दिसत नाही.

प्रतिसाद २: मग पानावरून उतरवलेला कोड चालणार कसा? तुमचा पहिला आग्रह इथेच मोडतो. लपवलेल्या ओळी वाचकाला उघडता आल्या, तरच ही सोय त्याच्या कामाची; रस्टच्या अधिकृत पुस्तकात त्यासाठी डोळ्याचे चिन्ह आहे, आणि तेवढे तरी सर्वत्र हवे.

प्रतिसाद ३: लांबीपेक्षा मला सुरक्षितता मोठी वाटते, कारण उदाहरणातली ओळ थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या प्रणालीत, जाते. म्हणूनच रस्टची एपीआय मार्गदर्शक तत्त्वे उदाहरणांत एरर आल्यास प्रोग्रॅम तिथेच कोसळवणाऱ्या 'अनरॅप'ऐवजी प्रश्नचिन्हाने (?) एरर पुढे पाठवायला सांगतात. पायथनच्या एसक्यूलाइट या डेटाबेसच्या पानावर तर स्ट्रिंग (मजकूर) जोडून डेटाबेसची क्वेरी बनवण्याची चुकीची रीत 'असे कधीही करू नका' अशा इशाऱ्यासह दिली आहे आणि तिच्यापाठोपाठ प्लेसहोल्डरची (क्वेरीत जागा राखून माहिती वेगळी देण्याची) योग्य रीत आहे. चूक शेजारी दिसल्यावर योग्य रीतीमागचे कारण आपोआप कळते.

प्रतिसाद १: हेतू चांगला आहे, पण घाईतला वाचक इशारा न वाचता पहिली कोडची चौकट उचलतो. चुकीचा कोड दाखवायचाच असेल, तर तो योग्य कोडनंतर यावा आणि इशारा चौकटीच्या आत, त्याच ओळीवर असावा, म्हणजे कोडबरोबर तोही उतरवला जाईल.