खोबरेल, पीईपी आणि रोजची प्रेप

एका ताईंनी विचारलंय, तृतीयपंथी मैत्रिणींनी कंडोमवर खोबरेल लावलं तर चालेल का? अजिबात नको. कोकणात ते घरोघरी हाताशी असतं हे खरं, पण तेलाने लॅटेक्स (कंडोमचं रबर) काही मिनिटांतच कमकुवत होतं नि कंडोम ऐनवेळी फाटतो. व्हॅसलीनचंही तेच. पाण्यात विरघळणारं जेलच घ्या, कोरडं वाटलं की पुन्हा लावा.

तरीही फाटलाच, तर सोमवारची वाट बघू नका. पीईपी, म्हणजे एचआयव्हीचा धोका उद्भवल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधं, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, जितकी लवकर तितकी बरी. मग २८ दिवस रोज. जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात थेट विचारा.

इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) घेणाऱ्यांनी प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, रोजचीच घ्यावी, संबंधापुरती नव्हे. त्यासाठी हार्मोन थांबवायची गरज नाही.