मदत हवी आहे: ल्युपस असताना यकृतात 3.2 सेंमीची गाठ, बायोप्सी करावी का?

रुग्ण: वहिनी, वय 34, खानापूर. ल्युपसला (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा ऑटोइम्यून आजार) सहा वर्षे झाली. रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200, अझाथायोप्रिन 50 दोनदा, प्रेडनिसोलोन 5. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात पांढरट गाठ दिसली, रिपोर्टात 'हिमँजिओमा?' असे प्रश्नचिन्हासह लिहिले आहे. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) 38. सुई घालून तुकडा काढा, असे सुचवले आहे. बेळगावला नेण्याआधी काय विचारून घ्यावे?

प्रतिसाद 1
सुईची घाई नको. हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. त्यात सुई गेली तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि निदान बहुतेक वेळा स्कॅनवरच होते. लिव्हरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध देऊन) करा, नाहीतर ट्रिपल फेज (तीन टप्प्यांचा) सीटी. चिठ्ठीवर नुसते 'सीटी अ‍ॅब्डोमेन' असले की एकाच फेजवर भागवतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. औषध शिरेत गेल्यावर साधारण 35 सेकंद, 70 सेकंद आणि 3 ते 5 मिनिटे अशा तिन्ही वेळची चित्रे हवीत. हिमँजिओमा कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळतो, मग आत भरत जातो. एफएनएच (यकृतातली दुसरी एक निरुपद्रवी गाठ) पहिल्याच फेजमध्ये भसकन उजळते, मध्ये बऱ्याचदा व्रणासारखा पट्टा दिसतो.

ल्युपस किडनीलाही धरतो, म्हणून कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनीच्या तपासण्या) करा. ल्युपसचे डॉक्टर कोल्हापूरचे असतील तर स्कॅनची सीडी मागून घ्या. नुसत्या कागदावर त्यांना फेज दिसत नाहीत.

प्रतिसाद 2
सहमत. पण अझाथायोप्रिन चालू आहे, तेव्हा नोड्युलर रिजनरेटिव्ह हायपरप्लेसियाही (यकृतभर बारीक गाठी होणे) डोक्यात ठेवा. ल्युपस आणि हे औषध, दोन्हींशी त्याचा संबंध आहे. गाठी काही मिलिमीटरच्या, स्कॅनमध्ये सहज निसटतात, एसजीपीटीही नॉर्मल राहू शकते. सुगावा लागतो तो प्लेटलेट घटत जाण्यावरून आणि पांथरी वाढण्यावरून. जुने सीबीसी (रक्तपेशी मोजण्याचे) रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून पाहा. प्लेटलेट ल्युपसनेही घटतात, म्हणून जोडीला पोर्टल व्हेनचा (यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी. तिथे शंका आली तरच बायोप्सी, तीही या गाठीची नव्हे, बाकीच्या यकृताची, रेटिक्युलिन स्टेनसह (तुकड्यातले बारीक तंतू दाखवणारा रंग).

गर्भनिरोधक गोळ्या किंवा काढे चालू आहेत का? इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी अ‍ॅडिनोमा (यकृताच्या पेशींची गाठ) होऊ शकतो, आणि 5 सेंमीपुढे तो फुटण्याची भीती वाढते.

धागाकर्ता
गोळ्या नाहीत. गुळवेलीचा काढा रोज घेतात, पाच महिने झाले.

प्रतिसाद 2
काढा आजच थांबवा. गुळवेलीमुळे ऑटोइम्यून हेपटायटिससारखी यकृताची इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहे, आणि अंगात आधीच ऑटोइम्यून आजार असेल तर धोका जास्त. डॉक्टरांना काढ्याचे सांगा, एसजीपीटी महिन्याने पुन्हा करा. प्रेडनिसोलोन मात्र मनाने बंद करू नका, एकदम सोडले तर बीपी कोसळू शकतो.