पूर्व तिमोर: सर्वांत मोठा पक्ष म्हणजे पंतप्रधानपद नव्हे
अनेकदा म्हटलं जातं की पूर्व तिमोरमध्ये जास्त जागा जिंकणाऱ्या पक्षाचा नेता आपोआप पंतप्रधान होतो. तसं नाही. नाव सुचवतो तो सर्वाधिक मतं मिळवणारा पक्ष किंवा संसदेत बहुमत असलेली आघाडी, नेमणूक राष्ट्राध्यक्षाची. संसद 65 जणांची, म्हणजे बहुमताचा आकडा 33.

खरी मेख पुढे आहे. नेमणुकीनंतर 30 दिवसांत सरकारला आपला कार्यक्रम संसदेत मांडावा लागतो. तो लागोपाठ दोनदा फेटाळला की सरकार गेलं. 2017 मध्ये फ्रेटिलिन या पक्षाला सर्वाधिक 23 जागा मिळाल्या, मित्रपक्षाच्या 7 धरून 30. तरी त्या पक्षाचे नेते मारी अल्कातिरी पंतप्रधान झाले. ऑक्टोबरमध्ये विरोधकांच्या 35 मतांनी कार्यक्रम पडला. दुसऱ्यांदा तो मांडलाच नाही!

मग लगेच निवडणूक का नाही? कारण निवडून आल्यापासून सहा महिने संसद विसर्जित करता येत नाही. मतदान 22 जुलैचं, त्यामुळे जानेवारी 2018 अखेरपर्यंत सगळं लटकलं. मे महिन्यातल्या निवडणुकीत विरोधी आघाडीला 34 जागा मिळाल्या आणि तौर मतान रुआक पंतप्रधान झाले. ते आधीचे राष्ट्राध्यक्ष. शानाना गुस्मांव यांनीही आधी राष्ट्राध्यक्ष, मग पंतप्रधान हीच वाट धरली होती. तिथे हा प्रवास उलटा चालतो म्हणा ना.